मात्रा, पाणी आणि मुलांचे दात

बाळगुटी उगाळणारी आजी औषधिशास्त्र शिकलेली नसते. परंतु सहाणेवर हिरड्याचे किती वेढे द्यावयाचे, वेखंडाचा अर्ध्याहून अधिक वेढा का द्यावयाचा नाही, दोन महिन्यांच्या बाळाला जे पुरते ते सहाव्या महिन्यात किती वाढवावयाचे, हा सारा हिशेब तिच्या हाताला पाठ असतो. आणि त्या हिशेबाच्या मुळाशी असलेले तत्त्व असे की, एखादा पदार्थ औषध आहे की विष हे त्याच्या नावावरून ठरत नाही, तर तो कोणी, कोणत्या वयात आणि किती घेतला यावरून ठरते. फ्लोराइडच्या प्रश्नाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर शास्त्रज्ञांनी आणि सरकारांनी हेच तत्त्व मोठ्या परिश्रमाने पुनःपुन्हा शोधून काढले आणि यश पदरी पडताच ते पुनःपुन्हा विसरून गेले, असे दिसते. हा विसर मुलांच्या दातांवर उमटतो, आणि एकदा उमटलेला तो ठसा आयुष्यभर पुसला जात नाही. म्हणून या विषयाचा सावकाश व साद्यंत विचार करणे अगत्याचे आहे.

प्रारंभीच एक खुलासा करणे इष्ट. फ्लोराइडविषयी जे इंग्रजीत लिहिले जाते त्यातील बहुतेक वाद ‘नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळावे की नाही’ या एका प्रश्नाभोवती फिरतो, आणि तो अमेरिकेचा व तिच्यासारख्या काही देशांचा प्रश्न आहे. आपल्याकडील प्रश्न नेमका उलटा आहे: निसर्गाने पाण्यात न मागता घातलेले फ्लोराइड काढावे कसे, आणि ज्या मुलांच्या पाण्यात ते नाही त्यांच्या किडणाऱ्या दातांचे काय करावे. एकाच राज्यात, कधीकधी एकाच तालुक्यात, ही दोन्ही प्रकारची मुले नांदतात. आणि त्यांना एकच उपदेश करणे म्हणजे एकावर तरी अन्याय करणे होय.

कथेचा आरंभ १९०१ साली अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी होतो. फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य तेथे व्यवसाय थाटण्यास गेला असता, गावात जन्मलेल्या बहुसंख्य माणसांच्या दातांवर तपकिरी, चॉकलेटी डाग त्याला आढळले. स्थानिक लोकांना त्याचे नवल उरले नव्हते; कोणी डुकराचे मांस, कोणी दूध, कोणी पाण्यातील चुना असे कारण सांगून मोकळे होत. मॅकेने मात्र पाठपुरावा सोडला नाही. त्या काळचे नामांकित दंतशास्त्रज्ञ ग्रीन वार्डिमन ब्लॅक यांना त्याने १९०९ साली तेथे बोलावून घेतले, आणि दोघांनी मिळून दोन गोष्टी निश्चित केल्या: एक, हा डाग दात हिरडीबाहेर येण्यापूर्वी, म्हणजे तो घडत असतानाच पडतो, प्रौढपणी त्या गावी राहावयास आलेल्या माणसाला तो होत नाही, आणि दुसरी, जिचा अर्थ लागण्यास आणखी कित्येक वर्षे जावी लागली, ती अशी की हे विद्रूप दिसणारे दात किडीला आश्चर्यकारकरीत्या दाद देत नाहीत.

या साऱ्या कथेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो प्रसंग आयडाहो राज्यातील ओकली गावचा. १९२३ च्या सुमारास तेथील आईबापांनी मॅकेला कळविले की, काही मैलांवरच्या उष्ण झऱ्याचे पाणी नळाने गावात आणल्यापासून मुलांचे दात डागाळू लागले आहेत. मॅकेने पाण्याचे पृथक्करण करविले. त्यात वावगे असे काहीच सापडले नाही. तरीही त्याने तो नळ सोडून दुसऱ्या झऱ्याचे पाणी घ्यावे असा सल्ला दिला, गावाने तो ऐकला, आणि काही वर्षांतच ज्या मुलांचे कायमचे दात नव्याने येऊ लागले ते स्वच्छ, निर्डाग निघाले. दोषाचे नाव कोणालाही ठाऊक नसताना दोष दूर झाला! आया दातांकडे नीट पाहत होत्या आणि कोणीतरी त्यांचे म्हणणे खरे मानले, एवढ्यावर हे घडले. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहत फायली अडवून ठेवणाऱ्या प्रत्येक खात्याने ओकलीची ही हकीकत दर्शनी भागी टांगून ठेवावी, इतकी ती बोधक आहे.

नाव पुढे १९३१ साली मिळाले. आर्कान्सा राज्यातील बॉक्साइट हे गाव अ‍ॅल्युमिनियम कंपनीचे. तेथेही मुलांचे दात डागाळलेले. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांवर आळ येईल या चिंतेने कंपनीचे मुख्य रसायनज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी पाण्याचे अधिक सूक्ष्म पद्धतीने पृथक्करण केले, तेव्हा लिटरमागे १३.७ मिलिग्रॅम फ्लोराइड निघाले. त्याच वर्षी अ‍ॅरिझोना विद्यापीठात मार्गारेट स्मिथ व त्यांचे सहकारी प्राण्यांवरील प्रयोगांतून त्याच निष्कर्षाला स्वतंत्रपणे पोहोचले. त्यानंतर अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्यातील ट्रेंडली डीन यांनी डागांची प्रतवारी लावली, गावोगाव मुलांचे दात व पाणी तपासले, आणि २१ शहरांतील १२ ते १४ वर्षांच्या मुलांच्या पाहणीअंती असे दाखविले की, लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेल्या पाण्याने कीड पुष्कळ कमी होते आणि डोळ्यांत भरण्याजोगे डाग मात्र विशेष पडत नाहीत. ज्या शोधाला विषाच्या तपासातून प्रारंभ झाला तो औषधाच्या मात्रेपाशी येऊन थांबला.

ही मात्रा दातावर काय करते, हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. कारण पुढील सर्व वाद त्यावरच अवलंबून आहे. दाताचे बाहेरचे कवच, ज्यास एनॅमल म्हणतात, ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य असून कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या स्फटिकांचे बनलेले असते. आपण गोड किंवा पिठूळ पदार्थ खाल्ला की दातावरच्या किटणातील जंतू त्याचे आम्ल करतात, आणि आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली की त्या स्फटिकांतील क्षार विरघळून बाहेर पडू लागतात. लाळेने आम्ल निवळले की तेच क्षार पुन्हा आत बसू लागतात. अशी ही देवघेव दिवसातून अनेक वेळा चालते, आणि जमेपेक्षा खर्च सतत अधिक होत गेला म्हणजे आपण ज्याला कीड म्हणतो ते छिद्र पडते. लाळेत व किटणात अल्पसे फ्लोराइड सतत असले, तर क्षार परत बसण्याची क्रिया वेगाने होते आणि नव्याने बसलेला स्फटिक आम्लाला अधिक काळ तोंड देतो. हा झाला लाभ, आणि तो तोंडात, दाताच्या पृष्ठभागावर होतो.

हानी होते ती अन्यत्र आणि फार आधी. दात जबड्याच्या आत घडत असताना पेशी प्रथम एक प्रथिनांचा साचा घालतात, मग तो साचा काढून घेत घेत त्या जागी क्षार भरतात. रक्तावाटे फ्लोराइड जास्त आले की प्रथिने काढून घेण्याचे काम रेंगाळते, कवच आतून सच्छिद्र राहते, आणि दात बाहेर आल्यावर त्यावर प्रथम खडूसारखे पांढरे पट्टे, पुढे अन्नाचा व चहाचा रंग शोषून पिवळे-तपकिरी डाग, आणि आजार तीव्र असल्यास खड्डे दिसू लागतात. वरच्या मधल्या दोन दातांना हा धोका सर्वांत अधिक असतो तो मूल साधारण सव्वा ते अडीच वर्षांचे असताना; आणि वयाच्या आठव्या वर्षानंतर, अक्कलदाढा वगळता, सारी कवचे घडून झालेली असल्याने या दोषाचे भय उरत नाही. लाभ जन्मभर आणि दाताच्या बाहेरून, हानी मात्र पहिल्या आठ वर्षांत आणि गिळल्याने: इतके ध्यानात ठेवले तर पुढील बराच गोंधळ आपोआप निवळतो. तीव्र विकारात खड्डे पडलेले दात पुन्हा लवकर किडतात, म्हणजे अतिरेकाने मूळचा लाभही हिरावला जातो, हेही येथेच सांगून ठेवतो.

२५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स शहराने जगात प्रथमच नळाच्या पाण्यात हेतुपुरस्सर फ्लोराइड मिसळण्यास आरंभ केला. शेजारचे मस्कीगन हे शहर तुलनेसाठी तसेच ठेवावयाचे ठरले होते; परंतु ग्रँड रॅपिड्सच्या मुलांचे दात सुधारत आहेत हे दिसू लागताच मस्कीगनच्या नागरिकांना थांबवेना, आणि १९५१ साली त्यांनीही आपल्या पाण्यात फ्लोराइड घेतले. अकरा वर्षांनंतर, योजना सुरू झाल्यावर जन्मलेल्या मुलांतील कीड साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे जाहीर झाले. त्या काळचा उत्साह आपण समजू शकतो. दातदुखीने रात्र रात्र रडणारी मुले, पंचविशीत पडणाऱ्या दाढा आणि तिशीत बसणाऱ्या कवळ्या हेच ज्या समाजात सर्वसाधारण होते, तेथे चिमूटभर क्षाराने ही पीडा निम्म्यावर येत असेल तर तो आनंद खोटा म्हणता येणार नाही.

परंतु १९५५-५६ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनस फ्लोराइडयुक्त ‘क्रेस्ट’ ही टूथपेस्ट बाजारात आली, आणि पुढील दोन दशकांत फ्लोराइड नळातून जितके येई त्याहून अधिक ते न्हाणीघरातल्या ट्यूबमधून येऊ लागले. याचा परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. जगभरातील संशोधनांचे कठोर छाननीने संकलन करणाऱ्या कॉक्रेन मंडळाच्या २०२४ सालच्या आढाव्यात असे म्हटले आहे की, १९७५ नंतरच्या अभ्यासांपुरते पाहिल्यास पाण्यातील फ्लोराइडमुळे एका मुलामागे वाचणारा दुधाच्या दातांचा हिस्सा सुमारे पाव दात इतकाच भरतो. म्हणजे जुने यश खोटे नव्हते. आता टूथपेस्ट घरोघरी आल्यावर नळाच्या वाट्याला करण्याजोगे थोडेच उरले आहे. याच्या उलट बाजूचाही दाखला आहे. कॅनडातील कॅलगरी शहराने २०११ साली मिसळणे थांबविले, तेव्हा ते न थांबविणाऱ्या एडमंटनच्या मुलांच्या तुलनेत तेथील दुसरीच्या मुलांत कीड अधिक आढळली, आणि नागरिकांचे मत घेऊन २०२५ साली ते पुन्हा सुरू करण्यात आले. टूथपेस्ट जरी स्वस्त असली तरी ती रोज दोनदा लावून देणारा, साखर आवरणारा आणि दातवैद्याकडे वेळेवर नेणारा वडीलधारा प्रत्येक मुलाला लाभत नाही, आणि नळाचे पाणी मात्र गरिबाच्याही घरी येते, असा त्या निकालाचा मी अर्थ लावतो.

अमेरिकेत आज जो कल्लोळ चालू आहे त्याला दुसरे एक कारण आहे. तेथील राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की, लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइडचे सेवन आणि मुलांची बुद्धिमापनातील घट यांचा संबंध मध्यम खात्रीने सांगता येतो. मात्र तेथील नळांत जे ०.७ मिलिग्रॅम प्रमाण २०१५ पासून ठेवले जाते, त्याविषयी काही ठरविण्यास पुरावा अपुरा आहे. त्यानंतर २०२५ मध्ये यूटा व फ्लोरिडा या राज्यांनी पाण्यात फ्लोराइड मिसळण्यास बंदी केली. या निष्कर्षाचे जे वाचन आपल्याकडे होते ते मला चिंताजनक वाटते. पुण्या-मुंबईची सुशिक्षित आई, जिच्या नळाला धरणाचे, जवळजवळ फ्लोराइडरहित पाणी येते, ती ही बातमी वाचून मुलाची टूथपेस्ट फेकून देते. आणि ज्या मर्यादेवर त्या निष्कर्षाने बोट ठेवले आहे, ती ओलांडलेले पाणी जिची लेकरे रोज पितात, त्या विदर्भातील आईपर्यंत ती बातमी जातच नाही. भीती जिकडे जावयास हवी तिकडे न जाता नको तेथे गेली.

आता आपल्याकडे वळू. १९३७ साली त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात शॉर्ट, पंडित व राघवाचारी यांनी पाठीचा कणा ताठून वाकता न येणारी, सांधे आखडलेली माणसे पाहून, अति फ्लोराइडमुळे होणाऱ्या या विकाराचे, म्हणजे फ्लोरोसिसचे, सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. दातांचे डाग हे त्या रोगाचे प्रथमचिन्ह होते. पुढे, त्या वेळच्या हैदराबाद राज्यातील नलगोंडा जिल्ह्यात सिद्दिकी यांनी १९५५ मध्ये अस्थिविकाराचे निरूपण केले, आणि १९७३ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी व कृष्णस्वामी यांनी वाढत्या वयाच्या मुलांचे गुडघे एकमेकांवर आदळून पाय फाकलेले असण्याचा नवा प्रकार नोंदविला. त्याच नलगोंड्यात १९९६ च्या लोकसभा निवडणुकीला ४८० उमेदवार उभे राहिले. आपल्या पाण्याची दाद लागत नाही म्हणून रयतेने मतपत्रिकाच पुस्तकाएवढी करून ठेवली आणि दिल्लीचे लक्ष वेधले. दातांचा प्रश्न म्हणून ज्याकडे आपण पाहतो तो मुळात किती खोल आहे, हे त्या एका आकड्यावरून कळावे.

महाराष्ट्राचा बराचसा भाग दख्खनच्या काळ्या कातळाचा, आणि त्या कातळात फ्लोराइडची खनिजे कमी. म्हणून पश्चिम महाराष्ट्राला या विकाराची फारशी ओळख नाही. परंतु पूर्वेकडे, चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडचा किनवट भाग, भंडारा, गोंदिया, नागपूर या बाजूंना, जेथे ग्रॅनाइट व नाइस जातीचे पुरातन खडक वर येतात, किंवा जेथे विंधन विहीर फार खोल जाऊन खडकात दीर्घकाळ मुरलेले पाणी वर ओढते, तेथे फ्लोराइड मर्यादेबाहेर आढळते. खोल पाण्यात सोडियम व बायकार्बोनेट वाढून कॅल्शियम कमी होते, आणि कॅल्शियमचा पहारा उठला की खडकातील फ्लोराइड पाण्यात उतरावयास मोकळे होते. उथळ आडाचे पाणी दरवर्षीच्या पावसाने नवे होत असे. त्यात जंतू असत, पण फ्लोराइड कमी असे. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव विंधन विहिरी व हातपंप झाले, आणि पटकी-अतिसाराच्या साथींपासून त्यांनी लक्षावधी जीव वाचविले याबद्दल शंका नाही. मात्र ते पाणी स्वच्छ दिसते, चवीला गोड लागते, त्याला वास नाही, आणि त्यात काय विरघळले आहे हे डोळ्यांना कळत नाही. सद्भावनेने खणलेल्या विहिरीतून ही आपत्ती वर आली, म्हणून कोणाला दोषी धरून भागण्यासारखे नाही. परंतु खणल्यानंतर पाणी पुनःपुन्हा तपासण्याची तजवीज ढिली पडली, ही कसूर मात्र आपलीच आहे.

आणि आता हिशेबाकडे येतो, कारण या लेखात मला खरोखर सांगावयाचे आहे ते येथेच आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा उद्भव नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. साठ किलोचा प्रौढ माणूस असे १.५ मिलिग्रॅमचे दोन लिटर पाणी प्याला, तर किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम पडते. परंतु दोन वर्षांचे, बारा किलोचे मूल विदर्भातल्या उन्हाळ्यात पाणी, वरण, पेज, भात या साऱ्यांतून एक लिटर पाणी पोटात घेते असे धरले, तर त्याच्या वाट्याला किलोमागे ०.१२५ मिलिग्रॅम येते, म्हणजे प्रौढाच्या अडीचपट. आणि एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी दिवसाला १.३ मिलिग्रॅम ही जी वरची मर्यादा अमेरिकी पोषणतज्ज्ञांनी घालून दिली आहे, ती ओलांडली जाते. म्हणजे कागदोपत्री जे पाणी ‘योग्य’ ठरते, तेच पाणी नेमक्या त्या वयात, जेव्हा पुढचे दात घडत असतात, अयोग्य ठरते. मानक प्रौढाच्या घोटाने ठरविलेले आहे. मुलाचा वेढा कोणी मोजलाच नाही.

शिवाय पाणी हे एकटेच जमेच्या बाजूला नसते. चहाचे झुडूप जमिनीतील फ्लोराइड पानांत साठविते, जून पानांत अधिक. कोऱ्या चहाच्या लिटरभर काढ्यात १ ते ४ मिलिग्रॅम फ्लोराइड सहज उतरते, आणि खेड्यांत दोन वर्षांच्या पोरालाही बशीतून चहा व त्यात बुडवून बिस्कीट देण्याची चाल आहे, जिच्यात कीड आणि डाग या दोहोंचे साहित्य एकत्र येते. पादेलोण व त्याने चुरचुरीत केलेली चूर्णे-गोळ्या यांतूनही फ्लोराइड पोटात जाते, हे फ्लोरोसिसच्या संशोधक डॉ. ए. के. सुशीला यांनी वारंवार निदर्शनास आणले आहे. उलटपक्षी आईच्या दुधात, तिच्या पाण्यात कितीही फ्लोराइड असो, ते अत्यल्प उतरते. म्हणून अशा गावात अंगावर पाजण्याचे मोल दुप्पट आहे, आणि डब्याची पूड त्याच हातपंपाच्या पाण्यात कालवून पाजणे दुप्पट घातक. आहारात दूध, ताक, नाचणी यांतून कॅल्शियम पुरेसे असेल तर फ्लोराइडचा काही अंश आतड्यातच अडतो. चिंचेने ते लघवीवाटे अधिक बाहेर पडते असे राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधनात दिसले आहे. गरीब घरी विकार तीव्र का होतो, याचे एक उत्तर येथे आहे.

येथवर वाचून एखाद्याचा असा समज होईल की आपल्या मुलांना फ्लोराइडपासून दूर ठेवले म्हणजे झाले. तसे नाही. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत बारा वर्षांच्या ५३.८ टक्के मुलांना कीड आढळली; पाच वर्षांच्या मुलांतही प्रमाण निम्म्याहून थोडे अधिकच होते. पिढ्यान्‌पिढ्या बाभळीच्या वा कडुनिंबाच्या काडीने आणि राखुंडीने दात घासणाऱ्या समाजाच्या ताटात गेल्या दोन पिढ्यांत साखर आली, दुकानातली बिस्किटे आली, आणि काडी गेली. काडीने किटण निघत असे, हा तिचा गुण मान्य. पण राखुंडीत फ्लोराइड नसते आणि तिची खर कवच झिजविते, आणि मुलाला मिशरी लावू देणारे घर तर त्याला तंबाखूचीच दीक्षा देत असते. सत्तर प्रयोगांच्या एकत्र छाननीत फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने मुलांतील कीड सरासरी २४ टक्क्यांनी कमी होते असे आढळले आहे. धरणाचे पाणी पिणाऱ्या शहरी व निमशहरी मुलाला हा लाभ नाकारण्याचे काहीही कारण नाही.

फक्त तेथेही वेढे मोजले पाहिजेत. आपल्याकडील नियमाप्रमाणे टूथपेस्टमध्ये दशलक्ष भागांत १००० हून अधिक भाग फ्लोराइड असता कामा नये आणि प्रमाण वेष्टनावर छापले पाहिजे. म्हणजे एका ग्रॅममध्ये १ मिलिग्रॅम. जाहिरातीत दाखवितात तशी ब्रशच्या लांबीइतकी लाट दोन वर्षांच्या मुलाला दिली आणि त्याने ती चवीने गिळली, की त्याची दिवसाची मर्यादा दोन वेळच्या घासण्यात सरते. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहापर्यंत वाटाण्याएवढी, आणि घासून झाल्यावर थुंकावयास लावणे: इतके पाळले तर पेस्ट निर्धोक आहे. ज्या गावच्या पाण्यातच फ्लोराइड मर्यादेबाहेर आहे तेथे मात्र लहान मुलास ती न देता साध्या ब्रशने घासावयास लावावे, हे माझे मत. आणि ते गाव कोणते हे आईला कोणी सांगितलेच नाही, तर तिने निवड तरी कशी करावी?

पाण्यातून फ्लोराइड काढण्याच्या उपायांत नागपूरचे नाव मानाने घ्यावे लागेल. तेथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, १९७० च्या दशकात जी रीत सिद्ध केली ती ‘नलगोंडा पद्धत’ या नावाने जगभर ओळखली जाते: पाण्यात चुना व तुरटी योग्य प्रमाणात घालून ढवळावयाचे, गाळ बसू द्यावयाचा, पाणी वरून काढून गाळावयाचे, आणि ब्लीचिंग पावडरीने जंतू मारावयाचे. गढूळ पाण्यात तुरटी फिरविणाऱ्या आपल्या घरांना ही रीत परकी वाटू नये. परंतु तुरटीची मात्रा पाण्याच्या क्षारतेप्रमाणे बदलते, ती चुकली की एक तर फ्लोराइड राहते नाही तर अ‍ॅल्युमिनियम उतरते. गाळ टाकावयाचा कोठे हा प्रश्न उरतो. आणि रोज हे सारे करणारा माणूस व त्याचा पगार मंजुरीच्या कागदात अनेकदा नसतो. सक्रिय अ‍ॅल्युमिनाची गाळणी व विजेवर चालणारी आरओ यंत्रे यांचेही तेच: बसविण्याचा समारंभ होतो, दुरुस्तीचा होत नाही. म्हणून जेथे शक्य आहे तेथे दूरच्या तलाव-धरणाचे पाणी नळाने आणणे, छपराचे पावसाचे पाणी साठविणे, उथळ आड पुन्हा उपसून जिवंत करणे, हे उपाय मला अधिक टिकाऊ वाटतात. २००८-०९ पासून फ्लोरोसिस प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि २०१९ पासून जलजीवन अभियानाने घरोघरी नळ देण्याचे काम हाती घेतले आहे. नळ आला हे खरेच महत्त्वाचे, पण नळाच्या मागे उद्भव कोणता आहे, याची विचारपूस ग्रामसभेने केलीच पाहिजे.

त्या विचारपुशीला लागणारा पुरावा गावाच्या शाळेतच आहे. फ्लोराइडचा डाग ओळखणे अवघड नाही: तो दातावर आडव्या पट्ट्यांनी येतो, डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखाच असतो, आणि कितीही घासले तरी निघत नाही, तंबाखू-सुपारीचा डाग हिरडीकडे धरतो आणि खरवडला की सुटतो. अशा मुलांना ‘दात घासत नाही’ म्हणून वर्गात टोचून बोलले जाते, ती पोरे राखेने, मिठाने, विटकरीच्या भुकटीने दात झिजवून घेतात, आणि मुलींच्या लग्नाच्या बोलण्यांत तो डाग निघतो. त्यांच्या दातांतला दोष त्यांच्या विहिरीचा आहे, हे त्यांना कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगावयास हवे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येतेच. त्याच्या तक्त्यात या आडव्या पट्ट्यांसाठी एक रकाना असावा, आणि तो रकाना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या दप्तराशी गावनिहाय ताडून पाहिला जावा, एवढीच मागणी आहे. तिसरीतल्या आठ वर्षांच्या मुलाचे पुढचे दोन दात म्हणजे तो दोन वर्षांचा असताना घरात जे पाणी होते त्याची खोडता न येणारी नोंद. आणि म्हणूनच एखाद्या गावाने आज हातपंप सोडून दुसरे पाणी घेतले, तर त्याचा निकाल आजच्या तिसरीच्या वर्गात शोधून मिळणार नाही. तो मिळेल आज अंगणवाडीच्या उंबऱ्यावर आईचा पदर धरून उभ्या असलेल्या पोराच्या तोंडात, आणखी सहा वर्षांनी, आणि ती सहा वर्षे तो नवा नळ एकही उन्हाळा कोरडा न पडता चालू राहिला तर.